यंत्राला हुकूम द्यावा, की यादीवर बोट ठेवावे?

हॉटेलात शिरणाऱ्या माणसांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारचा माणूस टेबलाशी बसला की भिंतीवरचा फळा वाचतो, त्यातल्या एका पदार्थावर बोट ठेवतो आणि निश्चिंत होतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस फळ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तो थेट भटारखान्याच्या दाराशी जाऊन आत आवाज देतो, "महाराज, पातोडीचा रस्सा करा, तिखट बेताचे, तर्री वेगळ्या वाटीत, आणि भाकरी ज्वारीची, पण जरा पातळ!" यातले निम्मेही फळ्यावर लिहिलेले नसते. पण महाराजांना सारे समजते आणि हवे तसे ताट पुढे येते. पहिल्या माणसाची सोय मोठी, दुसऱ्याची सत्ता मोठी. मात्र दुसऱ्याला पदार्थांची नावे ठाऊक असावी लागतात आणि महाराजांची बोली यावी लागते. ती न आल्यास पुढे काय वाढले जाईल याचा नेम नाही!

मोठमोठ्या संगणकांची देखभाल करणारी मंडळी गेली कित्येक वर्षे याच प्रश्नावर भांडत आली आहेत. यंत्राने आपल्यापुढे पर्यायांची यादी ठेवावी आणि आपण त्यातल्या एकावर बोट ठेवावे, हा एक पंथ. या यादीला ते हॉटेलातलाच शब्द वापरून 'मेनू' म्हणतात. कोऱ्या पडद्यावर आपणच आज्ञा लिहावी आणि यंत्राने ती निमूटपणे पाळावी, हा दुसरा पंथ. या लिहिण्याच्या जागेला 'कमांड लाईन' म्हणतात. आपण हुकुमाची ओळ म्हणू.

मराठीच्या अध्यापकाने या भांडणात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की हे भांडण मुळात यंत्राचे नाहीच, ते भाषेचे आहे. शिवाय त्याचा निकाल आपल्या अमरावती-अकोल्याच्या मुलांच्या पोटापाण्याशी जाऊन भिडतो. म्हणून हा प्रपंच.

युनिक्स नावाचा कारभारी

संगणकात एक कारभारी असतो. कोणाला आत घ्यायचे, कोणती वही कोणाला दाखवायची, छपाईचे यंत्र कोणाला आधी द्यायचे, जागा किती उरली, हे सारे तो पाहतो. अशा कारभाऱ्यांतील सर्वांत नामांकित घराणे म्हणजे युनिक्स. १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानातल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्याचा पाया घातला. पुढे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याच धाटणीचा लिनक्स लिहायला घेतला आणि जगाला मुक्तहस्ते वाटून टाकला.

वाचकहो, हे सारे परक्याचे आहे असे समजू नका. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. जगातल्या पाचशे सर्वांत वेगवान संगणकांची यादी दर सहा महिन्यांनी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील एकूण एक यंत्रे लिनक्सवर चालतात. थोडक्यात काय, तर युनिक्सचे घराणे आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचले आहे. आपली ओळख तेवढी झालेली नाही.

या कारभाऱ्याची बोली मोठी तुटक आहे. ती का, याची कथा गमतीची आहे. त्या काळी संगणकाशी बोलायला आजच्यासारखा पडदा नव्हता. तारयंत्राच्या जातीचे टेलिटाइप असे. त्याच्या कळा जड, आणि कागदावर छापण्याचा वेग सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे. मग लांबलचक शब्द कोण बडवीत बसणार? यादी दाखव म्हणायला 'एलएस', नक्कल कर म्हणायला 'सीपी', हलव म्हणायला 'एमव्ही' आणि काढून टाक म्हणायला 'आरएम', अशी दोन-दोन अक्षरांची क्रियापदे तयार झाली. कारभाऱ्याचा स्वभावही तसाच. काम झाले की तो "झाले, साहेब" असेसुद्धा म्हणत नाही. काही बिघडले तरच तोंड उघडतो. घरच्या जुन्या, विश्वासू गड्याची आठवण व्हावी असा हा मितभाषीपणा आहे. पण नवख्या माणसाला त्याची धडकी भरते.

बँकेच्या शाखेत मेनू आला

हा कारभारी आपल्या भागात प्रथम आला तो बँकांच्या आणि विमा कार्यालयांच्या दाराने. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यंत्रांच्या वापराबद्दल करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९८४ साली आला, आणि त्यानंतर देशातील बँकांनी आपल्या यंत्रांसाठी युनिक्सची कास धरली. त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. आपल्याकडे युनिक्स जाणणाऱ्या तरुणांची एक पिढीच तयार झाली, आणि पुढे सॉफ्टवेअरच्या धंद्यात तिने देशाचे नाव केले.

परंतु हे तरुण होते मुंबई-पुण्यात आणि बंगलोरात. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या शाखेत जे यंत्र येऊन बसले, त्याच्यापुढे बसणारा माणूस खातेवहीत मुरलेला होता. त्याला युनिक्सशी कर्तव्य नव्हते. म्हणून यंत्र पुरवणाऱ्यांनी शहाणपणाची योजना केली. आपले नाव आणि परवलीचा शब्द घातला की त्याच्यापुढे एक यादी उभी राही: जमा, नावे, शिल्लक, दिवसअखेर, नक्कल काढणे, बाहेर पडणे. आकडा दाबावा आणि काम करावे. यादीतून बाहेर पडले की यंत्रातूनही बाहेर. कारभाऱ्याच्या मूळ बोलीचे दर्शनसुद्धा होत नसे.

ही योजना वाईट होती असे कोणी म्हणू नये. ज्या माणसांनी आयुष्यात टंकयंत्रही हाताळले नव्हते, त्यांनी या मेनूच्या आधाराने लाखो खाती यंत्रावर चढवली. वर्षअखेरीस ताळा जुळवताना रात्री जागवण्याचे दिवस संपले. मेनूचे हे ऋण मोठे आहे.

वीज गेली आणि यादी नाहीशी झाली

पण वऱ्हाड म्हटले की उन्हाळा आला, आणि उन्हाळा म्हटला की विजेचा लपंडाव आला. आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी अशा एका दुपारची हकिकत सांगतात. शाखा एका तालुक्याच्या गावची. वैशाखातली दुपार, वीज गेलेली, बॅटऱ्यांनी थोडा वेळ दम धरला आणि मग त्यांनीही मान टाकली. यंत्र धाडकन बंद पडले. युनिक्सला असे अवेळी मरण मानवत नाही. कारण कितीतरी नोंदी तो आधी आपल्या स्मरणात ठेवतो आणि सवडीने तबकडीवर उतरवतो. वीज अचानक गेली की काही उतरलेल्या असतात, काही अधांतरी राहतात.

तासाभराने वीज आली. यंत्र सुरू केले, तर नेहमीची यादी आलीच नाही. पडद्यावर दोन-चार ओळी इंग्रजी, व्यवस्थापकाच्या परवलीच्या शब्दाची मागणी आणि तो दिल्यावर एक '#' अशी खूण. बस्स. साऱ्या शाखेने त्या खुणेकडे पाहिले आणि ती खूण साऱ्या शाखेकडे पाहत राहिली!

याचा अर्थ एवढाच होता की तबकडी तपासून दुरुस्त करून हवी, असे यंत्र सांगत होते. 'एफएससीके' नावाची आज्ञा द्यायची, तिच्या प्रश्नांना होकार द्यायचा आणि पुन्हा सुरू करायचे. पण मेनू हा स्वतःच एक कार्यक्रम. घर नीट उभे असले तर तो चालायचा. घराची भिंतच खचल्यावर दारावरची पाटी काय कामाची? नागपूरला फोन झाला. दुरुस्तीचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी एस. टी.ने आला, आणि बसला त्यापेक्षा निम्म्या वेळात उठला. तोवर दीड दिवस खातेदार परत जात होते. कोणाला बियाण्याचे पैसे हवे होते, कोणाच्या घरी लग्न होते.

या हकिकतीचा खरा नायक मात्र पुढे आहे. दुरुस्तीचा माणूस काम करीत असताना आमचे शेजारी त्याच्या पाठीशी उभे होते. त्याने काय लिहिले, यंत्र काय बोलले, हे त्यांनी शाळकरी वहीत ओळ न् ओळ उतरवून घेतले. "प्राध्यापकसाहेब," ते मला म्हणाले, "पहिल्यांदा वाटलं, मंत्र आहेत. तीनदा वाचलं तेव्हा कळलं, साधी वाक्यं आहेत. क्रियापद आधी, कर्म नंतर." पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा वीज गेली, तेव्हा नागपूरला फोन झाला नाही.

क्रियापद आधी आणि कर्म नंतर! व्याकरणाच्या अध्यापकाला याहून गोड वाक्य कोणते ऐकू येणार?

मेनूची बाजू

आता न्याय करायचा तर मेनूची बाजूही नीट मांडली पाहिजे. भाषा शिकवताना आम्ही जाणतो की शब्द ओळखणे सोपे आणि आठवणे कठीण. वाचताना समजणारे शब्द हजारांनी असतात, बोलताना सुचणारे शेकड्यांनी. मेनू ओळखण्यावर भागवतो, हुकुमाची ओळ आठवण मागते. वर्षातून एकदाच करावयाचे काम असेल, तर त्याची आज्ञा कोण ध्यानात ठेवणार? शिवाय मेनू चुकीला आडवा येतो. तारखेच्या जागी नाव लिहू देत नाही, नाही त्या खोलीचे दार दाखवत नाही.

म्हणूनच युनिक्स विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कंपनीने व्यवस्थापकासाठी आपापला मेनू केला. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या एस.सी.ओ. कंपनीचे युनिक्स आपल्याकडील कार्यालयांत फार दिसे. त्यात आधी 'सिसॲडमश' आणि १९९५ नंतर 'एस.सी.ओ. ॲडमिन' होते. ह्युलेट-पॅकार्डचा 'सॅम' होता. १९९७ साली निघालेला 'वेबमिन' तर कोठूनही ब्राउझरमध्ये उघडता येतो.

पण या साऱ्यांत मला भावला तो आय.बी.एम.चा 'स्मिट'. १९९० साली त्या कंपनीने आपली आर.एस. ६००० ही यंत्रे आणली, त्यांच्या युनिक्सबरोबर तो आला. त्याच्या चित्रमय अवतारात एक छोटा माणूस असतो. आपण काम सांगितले की तो धावू लागतो. काम फत्ते झाले की हात उंचावतो. फसले की चक्क तोंडावर आपटतो! जगभरच्या रुक्ष यंत्रपालांनी या माणसावर जीव लावला.

त्याहून मोलाची गोष्ट निराळी आहे. स्मिटमध्ये सारी माहिती भरून झाली आणि सहाव्या क्रमांकाची विशेष कळ दाबली, की तो सांगतो, "तुमच्या वतीने मी आता ही आज्ञा देणार आहे." आणि ती आज्ञा अक्षरशः लिहून दाखवतो. दिलेल्या आज्ञा तो एका वहीतही टिपून ठेवतो. ती वही दुसऱ्या दिवशी उघडावी, वाचावी, जरूर तर त्यातली ओळ उचलून पुन्हा वापरावी. म्हणजे हा मेनू आपल्याला पांगळे करीत नाही. तो हाताला धरून चालायला शिकवतो. काम करणारा आणि शिकवणारा असा हा दुहेरी नोकर आहे. आमच्या शेजाऱ्यांनी वहीत जे केले, ते येथे यंत्रच करून देते.

मेनू आणि मेनू यांत फरक आहे, तो हाच. एक आज्ञा दाखवतो, दुसरा लपवतो.

सरकी, रुई आणि गठाण

हुकुमाच्या ओळीचे खरे बळ आपल्या कापसाच्या मुलखातल्या माणसाला चटकन समजावे. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात काय होते? कापूस आला की जिन त्यातली सरकी वेगळी काढते आणि रुई पुढे देते. प्रेस त्या रुईची गठाण बांधते. जिनला गठाण बांधता येत नाही, प्रेसला सरकी काढता येत नाही. प्रत्येक यंत्र एकच काम करते पण चोख करते, आणि एकाचे निघालेले दुसऱ्याच्या तोंडात जाते.

युनिक्सच्या आज्ञा अशाच आहेत. बेल प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच सुचवले होते की बागेतल्या पाण्याच्या नळीला नळी जोडावी तसे कार्यक्रम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. १९७३ साली थॉम्प्सनने ते युनिक्समध्ये घडवून आणले. तेव्हापासून एक उभी रेघ ओढली की एका आज्ञेचे उत्तर दुसरीच्या तोंडी पडते. समजा, दोन हजार विद्यार्थ्यांचा निकाल एका फाइलीत आहे. मराठीत नापास झालेले निवडायचे, त्यांना गावांप्रमाणे लावायचे आणि प्रत्येक गावचे किती ते मोजायचे. निवडणारी आज्ञा वेगळी, लावणारी वेगळी, मोजणारी वेगळी. तिघींना रेघांनी जोडले की एका ओळीत काम संपले. मेनूत हे काम असेल का? मेनू लिहिणाऱ्याच्या मनात ते आले असेल तर असेल, नाही तर नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आता एका महाविद्यालयाच्या संगणक विभागाची यंत्रे सांभाळतो. मूळचा दर्यापूरकडचा, मराठी माध्यमातला. तो हसत म्हणाला, "सर, मेनूत नाही थे जगातच नाही, असं वाटाले लागते माणसाले." मग त्याने हिशेब मांडला. दर जून-जुलैत नव्या पाचशे विद्यार्थ्यांची खाती उघडायची असतात. मेनूतला अर्ज भरायला अर्धे मिनिट धरले, तरी पाचशे अर्जांना अडीचशे मिनिटे, म्हणजे चार तासांहून अधिक, आणि शंभराव्या नावापाशी डोळे मिटू लागलेले. त्याऐवजी तो नावांची यादी फाइलीत घेतो आणि तीन ओळींत यंत्राला सांगतो: या यादीतल्या प्रत्येक नावासाठी असे असे कर. चहा निवण्याआधी काम होते. शिवाय त्या तीन ओळी कागदावर राहतात. पुढच्या वर्षी तो नसला, तरी त्याच्या जागी येणारा त्या वाचू शकेल. मेनूत दाबलेल्या पाचशे कळांचा मागमूस उरत नाही.

भाषेचा हाच चमत्कार नव्हे काय? मूठभर धातू, मूठभर प्रत्यय, आणि त्यांतून पूर्वी कोणी न उच्चारलेली वाक्ये. मेनू म्हणजे वाक्यांची छापील पुस्तिका. परगावी वेळ निभावते. पण तिच्यावर संसार होत नाही.

न विचारणारा नोकर

एवढी सत्ता हाती आली की धोकाही तेवढाच येतो. कारभारी मितभाषी आहे, तसाच तो आज्ञाधारकही आहे, नको इतका! 'आरएम' म्हटले की तो काढून टाकतो. "नक्की का?" असे विचारत नाही, आणि टाकलेले परत आणायला त्याच्याकडे केराची टोपलीही नाही.

लहान मुलांना प्रिय असलेल्या 'टॉय स्टोरी २' या चित्रपटावर हा प्रसंग ओढवला होता. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार कंपनीत चित्रपटाचे काम चालू असताना कोणीतरी नको त्या ठिकाणी ही काढून टाकण्याची आज्ञा दिली. पाहता पाहता पात्रे, त्यांच्या टोप्या, बूट, खोल्या नाहीशा होऊ लागल्या. राखीव प्रत काढावी तर ती नीट झालीच नव्हती, असे निघाले. चित्रपट वाचला तो एका आईमुळे. गॅलिन सस्मन या तंत्रदिग्दर्शिका नुकत्याच बाळंत झाल्या होत्या आणि घरून काम करता यावे म्हणून त्यांनी चित्रपटाची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवली होती. ते यंत्र रजईत गुंडाळून मोटारीतून जपून आणले गेले.

दुसरे उदाहरण ॲमेझॉनचे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी तेथील एका अधिकृत कर्मचाऱ्याने थोडी यंत्रे बाजूला काढण्याची आज्ञा दिली. पण तिच्यातला एक तपशील चुकला आणि हवी होती त्याहून कितीतरी जास्त यंत्रे बाजूला झाली. त्यांच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. यावर कंपनीने काय केले? आज्ञा देणे बंद केले नाही. त्या आज्ञेच्या हत्याराला लगाम घातला: यंत्रे हळूहळूच निघतील, आणि ठरावीक संख्येच्या खाली जाऊ दिली जाणार नाही. म्हणजे हुकुमाच्या ओळीनेही मेनूपासून धडा घेतला.

उलटा प्रवासही झाला आहे. चित्रांनी आणि माऊसने जग जिंकणाऱ्या मायक्रोसॉफ्टने २००६ साली आपल्या यंत्रपालांसाठी 'पॉवरशेल' ही हुकुमाची नवी ओळ आणली. २०१६ पासून तर विंडोजमध्येच लिनक्सच्या आज्ञा चालवण्याची सोय त्यांनी करून दिली. हजारो यंत्रे सांभाळायची झाली की बोट थकते आणि भाषाच कामी येते, हे त्यांनाही उमगले.

इंग्रजीची भीती आणि गाइडची सवय

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्याकडचे पालक मला विचारतात, "सर, मुलाचे इंग्रजी कच्चे आहे; संगणकात त्याचा निभाव लागेल का?" या बाबतीत हुकुमाच्या ओळीने मला एक विलक्षण गोष्ट शिकवली. मेनू इंग्रजीत असतो, चांगल्या लांबलचक वाक्यांत असतो. ज्याचे इंग्रजी पक्के, त्याला तो सोपा. उलट 'ग्रेप' ही शोधण्याची आज्ञा घ्या. एका जुन्या संपादन-कार्यक्रमातल्या आज्ञेची आद्याक्षरे जोडून हा शब्द बनला; जन्माने इंग्रज असलेल्या मुलालाही तो नव्यानेच शिकावा लागतो. या शाळेत लंडनचा मुलगा आणि अंजनगावचा मुलगा एकाच बाकावर बसतात. पाठांतर आणि व्याकरण हे जर भांडवल असेल, तर आपली मुले त्यात मुळीच उणी नाहीत.

उणी पडतात ती वेगळ्या सवयीने. वीस वर्षे शिकवताना मी पाहतो आहे की आमचा विद्यार्थी मूळ पुस्तक न उघडता गाइड उघडतो. गाइड म्हणजे उत्तरांचा मेनू. प्रश्न ओळखीचा आला की मार्कांची चिंता नाही. जरा फिरवून विचारला की पेन थबकते. संगणकाचे शिक्षणही अनेक ठिकाणी असेच दिले जाते: येथे दाबा, मग तेथे दाबा. दाबण्याची जागा पुढल्या आवृत्तीत बदलली की शिकलेले वाया. 'एलएस' आणि 'सीपी' मात्र पन्नासहून अधिक वर्षे जागच्या जागी आहेत.

आणि आता तर तिसराच प्रकार आला आहे. यंत्राला साध्या मराठीत सांगावे आणि त्याने आपल्यासाठी आज्ञा लिहून द्यावी, अशी कृत्रिम बुद्धिमत्तेची हत्यारे घरोघर पोहोचली आहेत. पुष्कळांना वाटते, चला, भाषा शिकण्याची कटकट मिटली. मला उलटे वाटते. लिहिणे कोणीही करो. त्याखाली सही आपली असते. आपल्या मुलखाने एक काळ असा पाहिला आहे की कागद सावकाराने लिहावा, वाचूनही त्यानेच दाखवावा आणि कुणब्याने त्यावर अंगठा उमटवावा. कागदात काय होते, ते शेत गेल्यावर कळे. न वाचता येणारी आज्ञा यंत्राला देणे म्हणजे तसाच अंगठा देणे आहे. आज्ञा पाठ नसली तरी चालेल. पण पुढे आलेली ओळ वाचता आली पाहिजे. यात 'आरएम' आहे, हे काय काढून टाकणार आहे, असे थांबून विचारता आले पाहिजे.

तेव्हा माझा निकाल असा. रोजच्या ठरावीक कामाला मेनू असावा. विशेषतः जे यंत्रासाठी नव्हे, तर यंत्राकडून काम करून घेण्यासाठी बसले आहेत, त्यांना तो अवश्य असावा. पण तो स्मिटसारखा उघड्या मनाचा असावा: मी काय करणार आहे ते आधी दाखवीन, आणि काय केले ते लिहून ठेवीन, असे म्हणणारा. आणि प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक महाविद्यालयात, यादी नाहीशी झाल्यावर '#' या खुणेपुढे न घाबरता बसणारा एक तरी माणूस असावा. तो नागपूरहून यावा लागू नये.

असा माणूस घडवायला पैका लागत नाही. घरात जुना, अडगळीत टाकलेला संगणक असला, तर त्यावर लिनक्स फुकट बसतो. दिवाळीच्या सुट्टीत फराळ चालू असताना मुलामुलींना वीस आज्ञा शिकू द्या, आणि सोबत एक शंभर पानी वही द्या. प्रत्येक आज्ञेपुढे ती काय करते, हे त्यांनी आपल्या मराठीत लिहावे. ज्या यंत्रात घरची कागदपत्रे वा फोटो नाहीत, त्यावरच हा अभ्यास व्हावा, म्हणजे 'आरएम'चा धडाही निर्धास्तपणे गिरवता येईल. वही भरत आली की तुमच्याच घरात एखादी मुलगी म्हणेल, "आई, यंत्र माझं ऐकतं." त्यावर तिला एवढेच विचारा, "तू काय सांगितलंस, ते वाचून दाखव बघू."